पोरांचा रॉक बँड आणि ५०० मिलिसेकंदांचं गणित

जळगाव, भुसावळ, धुळ्यात पोरं गिटारच्या, कीबोर्डच्या क्लासला जातात, पण बँडचं नाव काढलं की घरून ठरलेलं उत्तर येतं, "आधी नीट वाजवायला शीक, परीक्षा दे, मग बघू बँड-बिंड." हा समज मला मनापासून खटकतो. एकत्र वाजवणं ही एकट्याने वाजवण्याच्या पुढची इयत्ता नाहीये, ते वेगळंच कौशल्य आहे आणि ते एकत्र वाजवूनच येतं.

आता बघा, १२० च्या टेम्पोला, म्हणजे गाण्याच्या वेगाला, एका मिनिटात १२० ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद. आवाज ऐकून हात हलवायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद तरी लागतात. म्हणजे बेस गिटारवाल्या पोराने ड्रम ऐकून मग तार छेडली तर तो कायम मागेच राहणार. पण तसं होत नाही, कारण मेंदू पुढचा ठोका कधी येणार याचा आधीच अंदाज बांधतो. मेट्रोनोमवर, म्हणजे ठराविक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्रावर, टिचकी मारायला सांगितली तर बहुतेक लोक ठोक्याच्या किंचित आधीच मारतात!

अंदाज चुकतोच, मग दुरुस्ती. आणि खरी मजा इथे आहे. समजा बेस ड्रमच्या ४० मिलिसेकंद मागे पडला. दोघांनीही पूर्ण ४० ची दुरुस्ती केली, बेस पुढे सरकला आणि ड्रमरही त्याच्यासाठी थांबला, तर पुढच्या ठोक्याला बेस ४० ने पुढे! बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात ना, तसं. दोघांनी अर्धी-अर्धी केली तर फरक शून्य. दोघांनी पाव-पाव केली तर ४० चे २०, मग १०, मग ५. म्हणजे दोघांच्या दुरुस्तीची बेरीज एकच्या आसपास हवी, त्याच्या बरीच वर गेली की लय हेलकावे खाते. यातली बरीचशी दुरुस्ती आपोआप होते, फरक कानाला जाणवतही नाही इतका छोटा असला तरी हात तो भरून काढतो, हे संशोधक ब्रुनो रेप यांच्या प्रयोगांत दिसलंय. अख्खा टेम्पोच पळायला लागला तर मात्र लक्ष देऊन तो आवरावा लागतो.

मेट्रोनोम काहीच दुरुस्ती करत नाही, सगळा भार पोरावर. एकट्याने वर्षानुवर्षं त्याच्यासोबत घोटणाऱ्याला समोरचाही आपल्याकडे सरकतोय ही सवयच लागत नाही. किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की अगदी बालवाडीच्या वयाची मुलंसुद्धा मशीनपेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर जास्त चांगला ताल धरतात.

आणि हो, कुणी बँडने आयक्यू वाढतो म्हणून जादा फी मागत असेल तर देऊ नका. मोझार्ट ऐकून हुशारी वाढते हे १९९३ च्या ज्या प्रयोगावरून पसरलं तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. 'मेंदू जागा करतो' म्हणणारे मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनवाले डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना वाचायला लावतात, पोरं नाकाजवळच्या फटीतून बघतात, ती तर सरळ फसवणूक आहे.

पोरांना उभं कुठं करायचं हेही विज्ञानच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, आपल्या मे महिन्यातल्या ४२ डिग्रीला ३५७ च्या आसपास, म्हणजे साडेतीन मीटरला १० मिलिसेकंद. लांबलचक वरातीत बँडपासून ३५ मीटर मागे नाचणाऱ्याला ठोका १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणून मागची रांग वेगळ्याच तालात दिसते. तेव्हा स्टेज कितीही मोठं असो, पोरांना ड्रमभोवती दोन-तीन मीटरच्या आत उभं करा आणि गिटारच्या अँपचा आवाज इतकाच ठेवा की बेस सगळ्यांना ऐकू येईल, कारण जो ऐकूच येत नाही त्याच्याशी जुळवून कोण घेणार.

पहिल्या दिवशी एकच सोपा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा छोटा तुकडा, घ्या, दोन कॉर्डचा चालेल. आठ बार (चार ठोक्यांचा एक बार) सगळ्यांनी वाजवायचं, मग चार बार ड्रम बंद, बाकीच्यांनी थांबायचं नाही, आणि पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर ड्रमरने परत शिरायचं. पुढच्या फेरीला बेस बंद, मग गिटार. चुकलं तर गाणं तोडू नका, चालू लयीतच सावरू द्या.