मेंडेल नापास झाले आणि परीक्षक चुकले नव्हते

वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झाले होते. परीक्षांना काही अर्थ नसतो हे सांगायचं असलं की हा दाखला हमखास दिला जातो. पण ती परीक्षा कशी होती, प्रश्न काय होते आणि मेंडेल अडकले कुठे, हे फारसं कोणी सांगत नाही. ते पाहिलं की निकाल बराच पटतो.

अशा परीक्षांची सुरुवात प्रशिया या जर्मन राज्यात झाली. १२ जुलै १८१० च्या हुकुमानं तिथल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या शाळेत, शिकवायचं तर सरकारी परीक्षा बंधनकारक झाली. तोवर धर्मशास्त्र शिकलेले तरुण चर्चमध्ये जागा मिळेपर्यंत शाळेत दिवस काढत. १८२६ पासून परीक्षेनंतर एक वर्ष उमेदवारीचंही आलं. ऑस्ट्रियानं १८४८ च्या उठावानंतर, १८४९ मध्ये शाळांची घडी नव्यानं बसवली. गिम्नाझियम आठ वर्षांचं झालं, एकाच शिक्षकानं वर्गाला सगळं शिकवण्याची पद्धत मोडीत निघाली आणि विषयशिक्षक आले. विषयाचा शिक्षक म्हटल्यावर त्या विषयाची परीक्षा ओघानं आलीच.

परीक्षेचे टप्पे तीन. पहिला घरी लिहायच्या निबंधांचा. विषय हातात पडला की काही आठवडे मिळत, पुस्तकं उघडायला मुभा असे. दुसरा बंद खोलीतल्या लेखी उत्तरांचा, तिथे पुस्तक नाही. तिसरा तोंडी परीक्षेचा, समोर थेट प्राध्यापक. निबंधातून वाचन आणि मांडणी कळे, बंद खोलीत डोक्यात काय शिल्लक आहे ते कळे, आणि उमेदवार कुठवर समजून बोलतोय हे तोंडीत उघडं पडे.

मेंडेल ब्रनोच्या ख्रिस्ती मठातले साधू. तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या झ्नोइमो गावात बदली शिक्षक म्हणून शिकवत होते. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १८५० मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र आणि निसर्गविज्ञान (प्राणी, वनस्पती, खडक सगळं यातच) या विषयांसाठी अर्ज केला. भौतिकशास्त्राच्या निबंधाचा विषय होता हवेचे यांत्रिक व रासायनिक गुणधर्म आणि त्यांवरून वाऱ्यांची उत्पत्ती. परीक्षक बाउमगार्टनर यांना तो आवडला. भूशास्त्राचा निबंध होता पाण्यामुळे आणि अग्नीमुळे बनलेल्या खडकांमधल्या फरकावर. तो परीक्षक क्नेर यांना अजिबात आवडला नाही.

ऑगस्टमध्ये व्हिएन्नात लेखी परीक्षा झाली. भौतिकशास्त्राचा प्रश्न होता: पोलादात कायमचं चुंबकत्व कसं आणता येईल? दिसायला सोपा, पण उमेदवारानं हे स्वतः करून पाहिलंय की नुसतं वाचलंय, हे इथे लगेच कळतं. पोलाद आधी तापवून पाण्यात विझवलेलं, म्हणजे कडक हवं. मऊ लोखंड पटकन चुंबक बनतं आणि तितक्याच पटकन विसरतं. पट्टी आडवी ठेवायची, चुंबकाचं एक टोक पट्टीच्या एका कडेला टेकवून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढत न्यायचं, मग उचलून हवेतून लांबचा वळसा घेत परत पहिल्या कडेला आणायचं. असं वीस-तीस वेळा करायचं, मग पट्टी उलटून तेवढंच पुन्हा. ओढताना जी कड शेवटी येते तिथे घासणाऱ्या ध्रुवाच्या विरुद्ध ध्रुव तयार होतो. चूक होते ती मागे-पुढे घासल्यानं: परतीचा फेरा आधीचं काम पुसून टाकतो. लांब पट्टी असेल तर दोन चुंबकांचे विरुद्ध ध्रुव मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना ओढणं बरं. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडण्याचा मार्गही तोवर माहीत झाला होता. तयार पट्टी आपटली किंवा लालबुंद तापवली की केलेलं सगळं पाण्यात.

दुसरा प्रश्न प्राणिशास्त्राचा: सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण करा आणि माणसाच्या उपयोगाचे प्राणी सांगा. हा प्रश्न म्हणजे सापळाच म्हणायचा, कारण त्यात दोन वेगळ्या कसोट्या एकत्र बांधल्या आहेत. वर्गीकरण दात, खुर, नखं, पोटाची रचना यांवर चालतं. उपयोग ठरतो माणसाच्या गरजेवर. एकदा या दोहोंची सरमिसळ झाली की उत्तर गडगडतं. मेंडेल यांनी वर लॅटिन शास्त्रीय नावं टाळून बोलीतली जर्मन नावं वापरली. बोलीतल्या नावांवर विसंबलं तर काय होतं, ते आपल्याकडेही दिसतं: मांजर, उदमांजर आणि पाणमांजर ही तीन वेगळ्या कुळांतली जनावरं आहेत. क्नेर यांनी उत्तर नापसंत केलं ते योग्यच होतं. गिम्नाझियममध्ये प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला हे यायलाच हवं.

तोंडी परीक्षेतही निभाव लागला नाही. पण निकालपत्रात नुसतं 'अनुत्तीर्ण' लिहिलेलं नव्हतं. उमेदवाराकडे मेहनत आणि बुद्धी दोन्ही आहे, पण पद्धतशीर शिक्षणाची संधी मिळालेली नाही, आणि वर्षभरानंतर पुन्हा बसता येईल, असा त्याचा आशय होता. बाउमगार्टनर यांनी मेंडेल यांच्या मठाचे प्रमुख, मठाधिपती नाप यांना सुचवलं की याला विद्यापीठात पाठवा. १८५१ ते १८५३ मेंडेल व्हिएन्नात होते. तिथे डॉपलर यांच्याकडे प्रायोगिक भौतिकशास्त्र, उंगर यांच्याकडे वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र आणि एटिंग्जहाउझेन यांच्याकडेही अभ्यास झाला. या एटिंग्जहाउझेन यांनी १८२६ मध्येच गणितातल्या संयोगांवर, म्हणजे गोष्टी किती प्रकारे एकत्र येऊ शकतात यावर, ग्रंथ लिहिला होता. पुढे ७,३२४ वाटाणे मोजून ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ ला १, हे प्रमाण काढणारी नजर तेव्हाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांत दुर्मीळ होती.

१८५६ मध्ये मेंडेल पुन्हा परीक्षेला बसले, आजारी पडले आणि अर्ध्यावर सोडून आले. परीक्षक फेन्झल यांच्याशी परागांच्या कामावरून वाद झाल्याची गोष्ट रंगवून सांगतात, पण तिला कागदोपत्री आधार नाही. प्रमाणपत्र मिळालंच नाही. तरी ब्रनोच्या शाळेत १८५४ पासून १८६८ पर्यंत ते बदली शिक्षक म्हणून शिकवत राहिले, ते थेट मठाधिपती होईपर्यंत.

अटलांटिकपलीकडचा रिवाज निराळा. कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक शिक्षकांच्या १८७५ च्या परीक्षेत एकूण १,००० गुण होते, आणि त्यांतले 'शिकवावं कसं' याला जेमतेम ५०. बाकी अंकगणित, बीजगणित, शरीरशास्त्र, भौतिकशास्त्र, अगदी शुद्धलेखनसुद्धा. एक गणित असं: ८८ चे दोन भाग करा, त्यांचं गुणोत्तर २/३ ला ४/५ असावं. दोन्ही अपूर्णांकांना १५ नं गुणलं की १० ला १२, म्हणजे ५ ला ६. मग ८८ भागिले ११, आणि उत्तर ४० व ४८. गणित झकास आहे, पण परीक्षेतून हाती येतो तो फक्त आकडा. आपल्या टीईटीचंही (शिक्षक पात्रता परीक्षेचंही) तसंच: १५० मिनिटांत १५० पर्यायी प्रश्न, आणि उमेदवार कुठे कच्चा आहे हे सांगणारी एक ओळही नाही.

मात्र परीक्षकानं अभिप्राय लिहून भागत नाही, तो उमेदवारापर्यंत पोचावाही लागतो. पुढे मोठे गणिती झालेले जर्मनीचे कार्ल वायरश्ट्रास बॉन विद्यापीठातून पदवी न घेताच परतले आणि म्युन्स्टरला शिक्षक होण्याची तयारी करू लागले. १८४० मध्ये त्यांनी परीक्षेसाठी विवृत्तीय फलनांवरचा (इलिप्टिक फंक्शन्स, उच्च गणितातला तेव्हाचा अवघड विषय) प्रश्न स्वतःहून मागून घेतला. परीक्षक गुडरमान यांनी तो दिला. उत्तरात वायरश्ट्रास यांनी ही फलनं सर्वत्र अभिसारी असलेल्या, म्हणजे कुठलीही किंमत घातली तरी बेरीज ठरावीक संख्येकडे जाणाऱ्या, घातश्रेणींच्या भागाकाराच्या रूपात मांडली, तीही शिक्षक होण्याच्या परीक्षेच्या पेपरात! जोडीला सॉक्रेटिसाची प्रश्नोत्तरांची पद्धत शाळेत कितपत चालेल, यावरही निबंध होता. गणिताचा निबंध वाचून गुडरमान यांनी लिहिलं की हा उमेदवार कीर्तिवंत संशोधकांच्या पंक्तीत बसण्याच्या तोलाचा आहे.

शाळाखात्याला तेवढा उत्साह नव्हता. अभिप्रायाचा पूर्ण मजकूर वायरश्ट्रास यांच्यापर्यंत पोचला तो १८५३ मध्ये. मधली वर्षं डॉइच-क्रोन आणि ब्राउन्सबर्गच्या शाळांत मुलांना गणिताबरोबर सुलेखन आणि व्यायामही शिकवण्यात गेली. आधी कळलं असतं तर निबंध लगेच छापला असता, असं ते नंतर म्हणाले. १८५४ मध्ये आबेलीय फलनांवरचा (विवृत्तीय फलनांचंच व्यापक रूप) त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, कोनिग्सबर्ग विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली आणि १८५६ मध्ये ते बर्लिनला गेले. परीक्षेतला तो निबंध छापला गेला १८९४ मध्ये, त्यांच्या समग्र ग्रंथांच्या पहिल्या खंडात.