रोजच्या जगण्याचा इतिहास सांगणारी बालपुस्तके

राजे, लढाया आणि तह बाजूला ठेवून एखाद्या काळातली माणसे काय खात, कुठे निजत, पाणी कुठून आणत, दिवे कशावर जळत आणि मुले दिवसभर काय करत हे सांगणारी माहितीपर पुस्तके. ती साधारणपणे आठ ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी केली जातात. त्यांत मोठे चित्र मध्यभागी असते आणि मजकूर त्याला धरून चालतो. ऐतिहासिक बालकादंबरी ही त्यांची जवळची नातलग. पण कादंबरीत कथानक आधी आणि भांडीकुंडी नंतर, इथे क्रम उलटा.

वाटचाल

या प्रकाराची चित्रभाषा इतिहासाच्या पुस्तकातून आलेली नाही. कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्युरेंबर्ग येथे काढलेल्या ‘ऑर्बिस पिक्टुस’ या शालेय पुस्तकात चित्रातल्या वस्तूंना आकडे घालून मजकुरात त्याच आकड्यापुढे नाव देण्याची पद्धत वापरली. त्याला स्वतःच्या काळातले जग मुलांना दाखवायचे होते. आज मात्र सतराव्या शतकातल्या युरोपीय सुताराची किंवा पाववाल्याची हत्यारे पाहायची असली की चित्रकार तेच पुस्तक उघडतात.

खऱ्या अर्थाने पाया घातला तो इंग्लंडमध्ये वास्तुविशारद चार्ल्स क्वेनेल आणि त्यांच्या चित्रकार पत्नी मार्जोरी यांनी. त्यांच्या ‘अ हिस्टरी ऑफ एव्हरीडे थिंग्ज इन इंग्लंड’ या मालेचा पहिला भाग १९१८ मध्ये आला. त्यात १०६६ ते १४९९ हा काळ होता. १९३४ च्या चौथ्या भागात ते स्वतःच्या काळापर्यंत येऊन पोचले. त्यांची नजर बांधणाऱ्याची होती: खुर्चीचा सांधा कसा बसतो, छताचा भार कुठे उतरतो, पवनचक्कीचे दात कसे अडकतात. पुढे मार्जोरी लंडनच्या गेफ्री म्युझियम या घरगुती फर्निचरच्या संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या, हे त्यांच्या पुस्तकांशी सुसंगतच होते. हीच नजर १९७३ मध्ये डेव्हिड मॅकॉले यांनी कॅथीड्रलच्या बांधणीवरील पुस्तकात वापरली. गाव काल्पनिक, पण परांची, कमानीखालचे लाकडी साचे आणि दगड वर चढवणारी चाके खऱ्या बांधकामावरून घेतलेली. त्यानंतर घराची किंवा जहाजाची एक बाजू कापून आतले सगळे मजले दाखवणारी रंगीत छेदचित्रे या पुस्तकांची ओळखच बनली.

१९९३ पासून ब्रिटनमध्ये ‘हॉरिबल हिस्टरीज’ ही विनोदी माला सुरू झाली आणि शौचकूप, उवा, फाशी यांना बालवाङ्मयात मानाचे पान मिळाले. मुले ती मिटक्या मारत वाचतात. मात्र या वाटेने फार पुढे गेले की जुनी माणसे घाणेरडी आणि बावळट होती एवढेच मुलाच्या लक्षात राहते.

चित्रकाराची अडचण

लेखकाला गप्प बसता येते, चित्रकाराला नाही. ‘सर्व जण जेवायला बसले’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो. चित्रकाराला ताटात काहीतरी वाढावेच लागते, ताट कशाचे हे ठरवावे लागते, आणि बायका त्याच पंगतीत होत्या की मागून जेवल्या याचेही उत्तर द्यावे लागते. या पुस्तकांतल्या बहुतेक चुका इथेच होतात, कारण रोजच्या गोष्टी कुणी मुद्दाम लिहून ठेवत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत भरवशाचे उदाहरण म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. वस्ती इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊ शतके टिकली आणि शंभरावर घरांचे अवशेष मिळाले. मुलांच्या पुस्तकासाठी हे घबाडच आहे. भिंती कुडाच्या, वर मातीचा लेप. जमिनीत धान्याची पेवे. रांजण टेकवायला चार चपटे दगड. मुख्य धान्य सातू. सोबत गहू आणि कडधान्ये. तेव्हा मागे हिरव्यागार ज्वारीचे शेत रंगवले की चित्र देखणे होईल, पण ते आजच्या शिरूरचे होईल.

‘इनामगावचे घर’ असे एकच चित्र काढणे हीदेखील चूकच. आधीची घरे मोठी आणि चौकोनी होती. शेवटच्या टप्प्यात, इ. स. पू. सुमारे १००० नंतर, लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेल्याने शेती खालावली आणि मेंढ्या-शेळ्यांवर भिस्त वाढली, असे त्याचे एक स्पष्टीकरण उत्खननकर्त्यांनी दिले. दोन्ही घरे शेजारी शेजारी छापली तर दहा वर्षांचे मूलही ‘मग घर छोटे का झाले?’ असे विचारते. परिच्छेदभर मजकुराचे काम तिथे जोडचित्र करते.

दफनांचे काय करायचे यावर संपादक अडतात. लहान मुलांना तोंडाला तोंड जोडलेल्या दोन मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत; पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात पुरलेला प्रौढ पुरुष सापडला. हे गाळले तर घरातल्या माणसांविषयीचा सर्वांत थेट पुरावाच गळतो. साध्या छेदचित्रात, भडक रंग न वापरता आणि ‘घराबाहेर का पुरले नसेल?’ एवढाच प्रश्न ठेवून ते दाखवले की मुले घाबरत नाहीत; पालकच जास्त बिचकतात.

कालविसंगती

मराठी पुस्तकांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, भुईमूग, काजू आणि मका हे सगळे अमेरिका खंडातले. ते इकडे आले पोर्तुगीज आल्यानंतर. म्हणून यादवकालीन स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची माळ टांगता येत नाही; तिथला तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा आणि आल्याचा. शिवकालीन एकादशीला साबुदाण्याची खिचडी वाढणे हा तर दुहेरी घोळ: साबुदाणा आणि दाण्याचे कूट दोन्ही इथे पुष्कळ नंतर रुळले. चहा घरोघर पोचला तो विसाव्या शतकात. काडेपेटीतली घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये १८२७ ची. त्याआधी चकमक, नाहीतर चुलीतला निखारा राखेखाली जपायचा आणि विझलाच तर शेजारून विस्तव मागून आणायचा. हा विस्तव मागण्याचा प्रसंग मुलांना फार आवडतो, तरी तो क्वचितच चितारलेला दिसतो.

वेळेचेही तसेच. पेशवाईतला कारकून ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणत नाही. दिवस-रात्र मिळून साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची आणि एक प्रहर तीन तासांचा. पाण्यात तरंगणारे भोकाचे घटिकापात्र भरून बुडाले की घटका झाली. हे पात्र वाटी आणि बादली घेऊन घरी करता येते. भोक मोठे पडले तर ते मिनिटाभरात बुडते, म्हणून बारीक सुईपासून सुरुवात करून हळूहळू भोक वाढवायचे.

शाळेच्या चित्रात पंतोजी, धूळपाटी, मोडीचे वळण आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे हवेत. पेशवाईतल्या पंतोजींच्या त्या शाळेत बाकावर बसलेली वेणीवाली मुलगी हवी असली तरी घालता येत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची पुण्यातली मुलींची शाळा १८४८ ची. मुलगी दाखवायचीच तर त्या वेळी ती जिथे होती तिथे दाखवावी: जात्यावर, पाणवठ्यावर, धाकट्याला कडेवर घेऊन.

कोणाचे रोजचे जगणे

वाड्याचे छेदचित्र काढणे सोपे, कारण वाडे उभे आहेत: दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, धान्याचे बळद, परसातली न्हाणी. त्यामुळे ‘पेशवेकालीन घर’ म्हणजे वाडा असा समज पक्का होतो. कुणब्याचे दोन खणांचे घर किंवा गावकुसाबाहेरची वस्ती कागदावर येतच नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेल्या पाण्याचे नळ आणि हौद मुलांना समजावून सांगताना कोणत्या पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता हे वगळले, तर १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर नेमके काय घडले हे पुढे त्यांना उमगणे अवघड जाते. बलुतेदारीसाठी त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) अजूनही हाताशी ठेवावे लागते. मात्र त्यातली मते त्या काळची आहेत हे ओळखून.

निर्मिती

छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होत असल्याने पुस्तक ३२ किंवा ४८ पानांचे करतात. ३२ पानांत शीर्षक, श्रेयनाम, अनुक्रम, कालरेषा आणि सूची वजा जाता तेरा जोडपाने उरतात. एका जोडपानावर एकच जागा आणि एकच वेळ घ्यावी: ‘पेशवेकालीन पुणे’ असा विषय पसरतो, ‘पहाटेचा हौद’ आटोपशीर राहतो. मुख्य मजकूर दीडशे शब्दांच्या आसपास, शिवाय आठ-दहा चित्रटिपा.

चित्र काढण्याआधी त्यातल्या प्रत्येक वस्तूची यादी करून तिच्यापुढे तीनपैकी एक खूण करतात: सापडलेली, लिखित उल्लेख असलेली, तर्काने घातलेली. जाणकाराकडून तपासणी पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यावरच करून घ्यावी. रंग झाल्यावर निघालेली चूक सुधारायला अख्खे पान पुन्हा काढावे लागते, म्हणून ती बहुधा तशीच छापली जाते. प्रमाणासाठी आधी माणूस काढायचा, मग त्याच्या मापाने रांजण आणि दार. उलट केले की दारे राजवाड्यासारखी उंच होतात.

देवनागरी चित्रटिपा अकरा पॉइंटच्या खाली नेल्या तर जोडाक्षरे आणि मात्रा गिचमिड होतात; गडद रंगावर पांढरी अक्षरे असतील तर शाई भरून ती बुजतात. चिकटवलेल्या बांधणीत पानांच्या मधला सेंटिमीटरभर भाग गिळला जातो. तिथे चूल किंवा चेहरा येऊ देऊ नये.

मराठीतली सामग्री

मराठी बालवाङ्मयात इतिहास म्हणजे प्रामुख्याने शिवचरित्र आणि गडकोट. रोजच्या जगण्यावरची सचित्र पुस्तके त्यामानाने थोडी. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र मुले मावळ्यांच्या शेजारी गवळण, भाजीवाली आणि दळणारी बाई हमखास मांडतात, म्हणजे कुतूहलाचा तुटवडा नाही. साधनांचाही नाही. यादवकाळासाठी लीळाचरित्रात खाणे, चालणे, मुक्काम यांचे बारीक तपशील आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये पाककृती आहेत, पण त्या राजाच्या ताटातल्या. शिवाजी महाराजांचे चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळाच्या अधिकाऱ्यांना, गेलेले पत्र तर एका जोडपानाचा आयता आराखडा आहे: पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि गवत जपून वापरा, आणि रात्री दिवा ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, घोडी मरतील. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा केर जागोजाग जाळून त्याची राख परसात टाकावी आणि घरोघर भाजीपाला करावा असे सांगितले आहे. वस्तू पाहायच्या तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकाची भांडी आहेत. ती बहुधा नक्षीची, हौसेने जपलेली असतात; साधी भांडी मोडीत जातात. चित्रातल्या गरिबाच्या घरात तसा अडकित्ता ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

किमती सांगताना जुन्या रुपयाचे आजच्या रुपयांत रूपांतर करू नये. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया असत हे आधी द्यावे, आणि मग ती वस्तू घ्यायला त्या काळच्या मजुराला किती दिवस राबावे लागे तेवढेच सांगावे. पायली आणि मण गावोगाव बदलत, म्हणून त्यांच्याबरोबर ठिकाणाचे नाव हवे.