नेटवर्क सुरक्षा व राउटर कॉन्फिगरेशनचे महाविद्यालयीन शिक्षण (कोकण)

राउटर (दोन जाळ्यांमध्ये वाट दाखवणारे यंत्र), स्विच (एका जाळ्यातील यंत्रे जोडणारे) व फायरवॉल (ये-जा गाळणारा) यांची जोडणी, त्यांचे कॉन्फिगरेशन (कसे चालावे याची मांडणी) आणि त्यांतून वाहणाऱ्या माहितीचे संरक्षण विद्यार्थ्यांना शिकवण्याची प्रात्यक्षिकप्रधान पद्धती. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत हे शिक्षण बी.एस्‌सी. (माहिती तंत्रज्ञान), संगणकशास्त्र, अभियांत्रिकी पदवी आणि तंत्रनिकेतनातील पदविका अशा अभ्यासक्रमांतून मिळते. या नोंदीत मुख्यतः रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विचार केला आहे.

गोपनीयता, अखंडता (माहितीत फेरफार न होणे) व उपलब्धता (हवी तेव्हा मिळणे) ही सुरक्षेची तीन अंगे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिली जातात. पुढे वर्षभर प्रात्यक्षिके मात्र बहुतेक पहिल्या दोन अंगांची होतात. कोकणात तिसरे अंग मागे ठेवून चालत नाही. मुंबई विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका महाविद्यालयांकडे ऑनलाइन येतात. त्या वेळेआधी फुटता कामा नयेत आणि वेळेवर उघडल्याही पाहिजेत. या दोन्ही गोष्टी एकाच राउटरच्या कॉन्फिगरेशनवर अवलंबून असतात.

संस्था व अभ्यासक्रम

तिन्ही जिल्ह्यांतील बहुतेक कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी (स्थापना १८५७) संलग्न आहेत. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पदविकेचा अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ ठरवते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. (माहिती तंत्रज्ञान) पदवीच्या तिसऱ्या वर्षी ‘सिक्युरिटी इन कॉम्प्युटिंग’ हा विषय येतो. ओएसपीएफचे (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीचे) प्रमाणीकरण, एनटीपी (घड्याळे जुळवणे), सिसलॉग (घटनांच्या नोंदी), एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन), एएए (ओळख, अधिकार व नोंद), आयपीव्ही४ व आयपीव्ही६ (यंत्रांच्या पत्त्यांच्या जुन्या व नव्या पद्धती) यांच्या अ‍ॅक्सेस लिस्ट (परवानगी-मनाईच्या याद्या), झोनवर (इंटरफेसांच्या गटांवर) आधारित फायरवॉल, स्विचच्या स्तरावरील संरक्षण आणि दोन शाखांमधला आयपीसेक व्हीपीएन (कूटलेखनाने झाकलेली खाजगी वाट) असा त्याच्या प्रात्यक्षिकांचा विस्तार आहे. यादी भक्कम आहे. सत्र संपण्याआधी ती पुरी करण्याच्या घाईत आज्ञा जर्नलमध्ये उतरतात आणि त्यांमागचे कारण सुटते, ही या शिक्षणातील मुख्य अडचण.

प्रयोगशाळा

सराव बहुतांशी सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या आभासी साधनावर होतो. सिस्को नेटवर्किंग अकादमीच्या (सुरुवात १९९७) नोंदणीने ते विनामूल्य मिळते, साध्या संगणकावर चालते, आणि खरा राउटर विकत न घेता वीस राउटरांचे जाळे उभारून दाखवता येते. राउटरची खरी प्रणाली चालवून पाहायची असेल तर जीएनएस३ वापरतात. त्याला मेमरी जास्त लागते. वायरशार्कने तारेवरून जाणारी पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) प्रत्यक्ष वाचता येतात. कूटलेखन नसलेल्या टेलनेटने राउटरवर लॉगिन करायचे, वायरशार्कमध्ये तो संवाद उलगडायचा आणि पासवर्ड अक्षर-अक्षर समोर येताना बघायचा, हे प्रात्यक्षिक कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते. टेलनेटची जागा घेणारा एसएसएच हा प्रोटोकॉल १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलेनेन यांनी तयार केला. विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्याची घटनाच त्यामागे होती.

आभासी राउटरवर काही गोष्टी समजत नाहीत. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या तारा जोडात बसवताना, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम हाताने लावावा लागतो. एक तार आत नीट बसली नाही तर लिंक लागते-तुटते आणि विद्यार्थी तासभर कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत बसतो. खाऱ्या दमट हवेत जोडांचे धातू गंजतात, आणि हा दोष पॅकेट ट्रेसरमध्ये कधीच दिसणार नाही. शिवाय शहरांतल्या व गावांतल्या इंटरनेट पुरवठादारांकडे सिस्कोखेरीज लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीचे राउटरही मोठ्या प्रमाणावर असतात. त्यांची आज्ञांची भाषा वेगळी आहे. प्रयोगशाळेत एखादा स्वस्त मायक्रोटिक राउटर ठेवला, तर आज्ञा बदलल्या तरी तर्क तोच राहतो हे विद्यार्थ्याला स्वतःच उमगते.

राउटरच्या स्मृतीचे दोन भाग येथे लवकर शिकवावे लागतात. दिलेली आज्ञा लगेच लागू होते ती रनिंग-कॉन्फिगमध्ये, म्हणजे वीज गेल्यावर पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत. ती स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये उतरवली नाही तर राउटर पुन्हा सुरू होताना जुन्या स्थितीत येतो. जून ते सप्टेंबर वीज जाण्या-येण्याचे दिवस, त्यामुळे हा धडा वर्गातच मिळतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा कोकणातला विद्यार्थी सहसा विसरत नाही.

अ‍ॅक्सेस लिस्ट : विषयाचा गाभा

विद्यार्थ्याला विषय कळला की नाही हे अ‍ॅक्सेस लिस्टवरून कळते. नेहमीचे उदाहरण असे : महाविद्यालयाच्या कार्यालयाचे जाळे १९२.१६८.१०.०, प्रयोगशाळेचे १९२.१६८.२०.०, दोन्हींचा मास्क /२४ (पत्त्याचे पहिले तीन आकडे जाळ्याचे). प्रयोगशाळेतून कार्यालयात कोणी जाऊ नये, पण इंटरनेट चालावे. विद्यार्थी एक ‘डिनाय’ (नाकारा) ओळ लिहितो, वाइल्डकार्ड मास्क ०.०.०.२५५ (शेवटचा आकडा कोणताही चालेल) देतो, यादी प्रयोगशाळेच्या इंटरफेसवर (राउटरच्या जोडणीच्या दारावर) आत येणाऱ्या दिशेला लावतो, आणि प्रयोगशाळेचे सगळे इंटरनेट बंद पडते. यादीच्या तळाशी न लिहिलेली, न दिसणारी, सर्व काही नाकारणारी एक ओळ असते. वर ‘परमिट आयपी एनी एनी’ (कोणाकडूनही कोणाकडेही परवानगी) नसेल तर तिच्यापुढे काहीच टिकत नाही. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ निकाल देते. म्हणून हीच परवानगी ‘डिनाय’च्या वर लिहिली तर मनाई निरर्थक ठरते.

बरेच शिक्षक इथे थांबतात. खरी शिकवण्याजोगी गोष्ट याच्या पुढची आहे. यादी दुरुस्त केल्यावर कार्यालयातल्या संगणकावरून प्रयोगशाळेतल्या संगणकाला पिंग (पोहोच तपासणारी विनंती) करायला सांगावे. तेही लागत नाही. कार्यालयाला तर कोणी अडवलेले नाही! पिंगची विनंती प्रयोगशाळेत पोहोचलेली असते. तिचे उत्तर मात्र प्रयोगशाळेकडून कार्यालयाकडे निघते आणि तीच ‘डिनाय’ ओळ त्याला अडवते. साध्या अ‍ॅक्सेस लिस्टला संवाद कोणी सुरू केला हे आठवत नाही, ती एकेक पॅकेट सुटे पाहते. टीसीपीपुरता (आधी जोडणी उभारून चालणाऱ्या संवादापुरता) ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द उपयोगी पडतो, पिंगला नाही. या अडचणीतून गेलेल्या विद्यार्थ्याला संवादाची स्थिती लक्षात ठेवणारा फायरवॉल कशासाठी लागतो हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि झोनवर आधारित फायरवॉलचे प्रात्यक्षिक त्याला लांबलचक आज्ञांची रांग वाटत नाही.

दूरच्या राउटरवर अशी यादी लावताना स्वतःचाच एसएसएच बंद होण्याचा धोका असतो. दापोलीत बसून गुहागरच्या शाखेतला राउटर बंद पाडला तर खाडी ओलांडून किंवा वळसा घेऊन जावे लागते. त्यासाठी आधी ‘रीलोड इन १०’ देण्याची सवय लावतात : बदल चुकला आणि संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप पुन्हा सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो, बदल बरोबर ठरला तर ते रीलोड रद्द करून मग जतन करायचे. मायक्रोटिकमध्ये याच कामासाठी सेफ मोड आहे. अभ्यासक्रमाच्या यादीत ही आज्ञा नसली तरी ती शिकवायला हवी.

पासवर्ड, घड्याळ आणि नोंदी

सिस्कोच्या राउटरवर ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ दिले की पासवर्ड विचित्र अंकाक्षरांत दिसू लागतो आणि विद्यार्थ्याला वाटते, काम झाले. सिस्को ज्याला ‘टाइप ७’ म्हणते तो हा प्रकार क्षणात उलटा उकलता येतो. तो केवळ खांद्यावरून डोकावणाऱ्यासाठी आहे. ‘एनेबल सीक्रेट’मध्ये हॅश (थेट उलटा उकलता न येणारा ठसा) ठेवला जातो, म्हणून तोच वापरायचा. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलण्याचे परिणाम २०१६ च्या मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणाने दाखवले : साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या टेलनेटवर वापरून कॅमेरे व घरगुती राउटर ताब्यात घेतले गेले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवरील हल्ल्याने अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. मायक्रोटिकच्या विनबॉक्स या राउटर-व्यवस्थापन सेवेतला दोष कंपनीने २०१८ मध्ये दुरुस्त केला, पण अद्ययावत न केलेले राउटर पुढे मोठ्या संख्येने हल्लेखोरांच्या हाती गेले. ज्या गावातला राउटर एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही, तिथल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जवळचे वाटावे.

एनटीपी व सिसलॉग ही प्रात्यक्षिके मुलांना नीरस वाटतात. त्यांचे मोल २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांतून पटते : ठरावीक सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे त्यांत बंधनकारक आहे. ज्या राउटरचे घड्याळ चुकलेले, त्याच्या नोंदी दुसऱ्या यंत्राच्या नोंदींशी जुळवता येत नाहीत. हल्ल्याची तंत्रे शिकवताना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचाही एक तास घ्यावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे कलम ४३ मध्ये मोडते. ते अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पाऊस, वीज व दुसरी लिंक

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि वीज व मोबाइल सेवा बऱ्याच गावांत दीर्घकाळ बंद राहिली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी तळमजले गिळून वर चढले. त्यामुळे कॉन्फिगरेशनची प्रत दुसऱ्या गावी किंवा निदान वरच्या मजल्यावर ठेवणे हा येथे सुरक्षेचाच भाग ठरतो. प्रत घ्यायला सोपा म्हणून टीएफटीपी शिकवतात. त्यात पासवर्डही नाही आणि कूटलेखनही नाही, आणि त्या प्रतीत सगळे हॅश व याद्या असतात. एसएसएचवर चालणारे एससीपी वापरावे. दोन इमारतींमध्ये तांब्याच्या केबलऐवजी फायबर टाकला तर आकाशातली वीज केबलवाटे एका इमारतीतून दुसरीकडच्या स्विचपर्यंत येत नाही.

फायबर तुटतो तो बहुधा रस्त्याच्या खोदकामात किंवा झाड पडून. म्हणून ४जीची दुसरी लिंक ठेवतात आणि जास्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्गाचा पसंतीक्रम; आकडा जास्त तर पसंती कमी) देऊन दुसरा डीफॉल्ट मार्ग लिहितात : पहिला मार्ग गेला की दुसरा वर येतो. वर्गात केबल उपटून हे सुरेख चालते, प्रत्यक्षात पुष्कळदा चालत नाही. फायबर दहा किलोमीटरवर तुटलेला असतो, पण राउटर आणि भिंतीवरच्या ओएनटी (फायबर जिथे संपतो त्या) डबीमधली केबल शाबूत असते. राउटरच्या दृष्टीने लिंक चालू, म्हणून मार्ग बदलत नाही. त्यासाठी दूरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करून त्यावर मार्ग बांधावा लागतो. सिस्कोमध्ये हे आयपी एसएलए या सोयीने होते.

दुसरा फटका याहून गंभीर असतो. विद्यार्थी अ‍ॅक्सेस लिस्ट फायबरच्या इंटरफेसवर लावतो आणि ४जीचा इंटरफेस तसाच सोडतो. फायबर तुटल्यावर जाळे सुरू राहते, पण कोणत्याही नियमाविना. त्यातच भारतातील मोबाइल कंपन्या आयपीव्ही६ पत्ते सर्रास देतात, तेव्हा केवळ आयपीव्ही४ साठी लिहिलेली यादी त्या वाहतुकीला अडवतच नाही. झोनवर आधारित फायरवॉलमध्ये दोन्ही इंटरफेस एकाच बाहेरच्या झोनमध्ये टाकले की नियम दोघांनाही सारखे लागू होतात. उपलब्धतेसाठी घातलेली लिंक गोपनीयतेला भोक पाडते हे एका प्रात्यक्षिकात दाखवता येते, आणि अभ्यासक्रमातील कोणतेही दोन विषय याइतके घट्ट जुळत नाहीत.

मूल्यमापन

परीक्षेत चिठ्ठी निघते, विद्यार्थी पाठ केलेल्या आज्ञा टाकतो, पिंग लागले की छायाचित्र जर्नलला जोडतो, मग तोंडी. पॅकेट ट्रेसरला केलेल्या कामाचे गुण आपोआप देता येतात, पण ते ओळी जुळवते, विचार तपासत नाही. त्याऐवजी आधीच बिघडवलेले जाळे द्यावे : एका यादीत ओळींचा क्रम उलटा, एका राउटरवर ओएसपीएफची किल्ली वेगळी, दुसऱ्या लिंकवर यादीच नाही. विद्यार्थ्याने ‘शो’ आज्ञांनी दोष शोधावा आणि दुरुस्तीआधी तोंडी सांगावे की ही ओळ बदलल्यावर कोणते पिंग लागेल आणि कोणते बंद पडेल. अंदाज चुकला तरी कारण बरोबर लावणाऱ्याला गुण मिळावेत. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत अडखळणारी मुले अशा तोंडी परीक्षेत मराठीत किंवा मालवणीत पॅकेटचा मार्ग अचूक सांगतात, आणि त्यांना तसे सांगू द्यावे.