लोकल चॅनलच्या नोंदणीसाठी येण्यापूर्वी: केबलचालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

केबलची नोंदणी टपाल कार्यालयातून माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर गेल्यापासून, असे अर्ज भरून देणाऱ्या आमच्या कार्यालयात येणारा बहुतेक प्रत्येक केबलचालक खुर्चीत बसता बसता एकच वाक्य बोलतो: "आमचे लोकल चॅनल आता वरच्या दर्जाचे करून द्या." या वाक्यात निदान तीन निरनिराळी कामे दडलेली असतात, आणि त्यांपैकी आपल्याला नेमके कोणते हवे आहे हे उलगडेपर्यंत पहिली भेट संपून जाते. ती भेट वाचावी आणि आपण येताना कामाचेच कागद घेऊन यावे, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे. केबलचा धंदा आपल्याला आमच्यापेक्षा चांगला कळतो, त्यामुळे हेडएंड म्हणजे काय येथून आम्ही सुरुवात करणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांकडे असलेले प्रमाणपत्र हे स्थानिक केबल ऑपरेटरचे, म्हणजे एलसीओचे आहे. पूर्वी ते मुख्य टपाल कार्यालयातून ५०० रुपयांत आणि एका वर्षासाठी मिळत असे, आणि दर वर्षी पोस्टमास्तरांच्या टेबलापुढे उभे राहावे लागे. १७ जानेवारी २०२५ रोजी केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत दुरुस्ती झाली. आता हा अर्ज फक्त पोर्टलवर होतो, शुल्क ५,००० रुपये आहे, मुदत पाच वर्षांची आहे आणि नोंदणी संपूर्ण भारतासाठी ग्राह्य धरली जाते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी करावयाचा असतो. अर्ज नाकारला गेल्यास ३० दिवसांत अपील करता येते. टपाल कार्यालयात आजही चौकशीला जाणारे ग्राहक आम्हाला भेटतात. तेथे आता या कामाचे काहीही होत नाही.

मात्र या प्रमाणपत्राने आपले लोकल चॅनल नोंदले गेले असे होत नाही, आणि हेच अनेकांना पटवून देणे आम्हाला जड जाते. गावातील गणपतीची मिरवणूक, नगरपालिकेची सभा आणि दुकानांच्या जाहिरातींची खालून धावणारी पट्टी दाखवणारे आपले चॅनल सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ ठरते. त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी काढली असून ती एमएसओंसाठी, म्हणजे अनेक वाहिन्या एकत्र करून एलसीओंना पुरवणाऱ्या मल्टी-सिस्टम ऑपरेटरांसाठी आहेत. एमएसओने स्वतःचा कार्यक्रम थेट ग्राहकाला द्यावा किंवा एलसीओमार्फत द्यावा, अशी नियमांची रचना आहे. म्हणून चॅनलच्या नोंदणीचा अर्जही एमएसओच्या नावाने जातो. शुल्क चॅनलमागे एकदाच १,००० रुपये, म्हणजे आपण एका कॅमेऱ्याच्या बॅटरीला देता त्याहूनही कमी आहे. एमएसओ एकूण जितकी चॅनल वाहून नेऊ शकतो त्याच्या पाच टक्क्यांपर्यंत अशी चॅनल चालवता येतात, ही मर्यादा राज्य पातळीवर मोजली जाते, आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी आणखी दोन चॅनलांची मुभा आहे. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातील चॅनलला या जिल्ह्याच्या मुभेचाच खरा उपयोग होतो, आणि आपल्या एमएसओने ती अगोदरच वापरून टाकली आहे का, हे आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे.

यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग मीच एमएसओ का होऊ नये? जरूर व्हावे, ते काम आम्ही करतो. पण ती नोंदणी दहा वर्षांची, प्रक्रिया शुल्क एक लाख रुपयांचे, आणि त्यात गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरी लागते, जिला किती दिवस लागतील हे आम्ही तर नाहीच, दुसरेही कोणी सांगू शकत नाही. शिवाय स्वतःचा डिजिटल हेडएंड (वाहिन्या गोळा करून पुढे पाठवणारे केंद्र), कंडिशनल अॅक्सेस (पैसे भरलेल्यालाच वाहिनी दिसू देणारी) आणि ग्राहक व्यवस्थापन यंत्रणा, तिचे दर वर्षीचे ऑडिट, आणि प्रत्येक प्रसारकाशी स्वतंत्र करार हे सगळे अंगावर येते. बाराशे जोडण्यांसाठी हा खटाटोप परवडत नाही, असे आम्ही ग्राहकांना तोंडावर सांगतो आणि त्यामुळे काही कामे गमावतोही. क्वचित एखादे ग्राहक चॅनल थेट ‘सॅटेलाइट’ करून मागतात. बातम्यांच्या उपग्रह वाहिनीसाठी कंपनीची निव्वळ मालमत्ता २० कोटी रुपये आणि बिगर-बातम्यांच्या वाहिनीसाठी ५ कोटी रुपये असावी लागते, एवढे सांगितल्यावर तो विषय चहाबरोबर संपतो.

बातम्यांचा उल्लेख आला म्हणून एक अट येथेच स्पष्ट केलेली बरी. स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवण्याची परवानगी मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थेला आहे. एमएसओ जर मालकी फर्म किंवा भागीदारी असेल आणि त्याला बातम्या दाखवायच्या असतील, तर त्याने कंपनीत रूपांतरासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे तीन महिन्यांत अर्ज करावा, असे त्यात म्हटले आहे. "आम्ही बातम्या देत नाही, फक्त घडामोडी देतो" हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. रात्री साडेआठला टेबलामागे बसून एक मुलगी ग्रामपंचायतीचा निकाल वाचून दाखवते, त्याला काय म्हणावयाचे हे आपणच ठरवावे. आम्ही अर्जात त्याला बातम्याच लिहितो.

आता ज्यासाठी हे पत्रक मुख्यतः लिहिले आहे त्या चुकीकडे येतो. ती चूक नावाची आहे.

पोर्टलवर अर्जदाराची पडताळणी आधार, पॅन आणि कंपनी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक व संचालकांचे क्रमांक यांवरून होते. टपाल कार्यालयातील बाबूंना आपण तीस वर्षे ओळखत होता आणि ते आपल्याला. नावात एखादे अक्षर इकडेतिकडे असले तरी शिक्का पडत असे. पोर्टल कोणाला ओळखत नाही. एका ग्राहकांचे कागद आम्ही टेबलावर मांडले तेव्हा टपाल प्रमाणपत्रावर फर्मच्या नावापुढे नुसते ‘केबल’ होते, जीएसटीत ‘केबल नेटवर्क’ होते, बँकेत ‘केबल अँड डिश सर्व्हिस’ होते आणि एमएसओबरोबरच्या करारावर फर्मचे नावच नव्हते, मालकांचे घरगुती नाव होते, ज्या नावाने त्यांना गावात हाक मारतात. चारही कागद खरे, चारही त्यांचेच; पण अर्जाच्या दृष्टीने ते चार निरनिराळे अर्जदार होते. दोन ठिकाणचे नाव बदलून घेण्यात त्यांचा पावसाळा गेला.

व्यक्तीच्या नावात घोळ याहून अधिक असतात. लक्ष्मण हे नाव आधारवर इंग्रजी ‘एक्स’ने लिहिलेले असते आणि पॅनवर ‘केएसएच’ने. एकीकडे वडिलांचे नाव मधे पूर्ण असते, दुसरीकडे फक्त आद्याक्षर असते, तिसरीकडे आडनाव आधी असते. नावामागे ‘राव’ किंवा ‘साहेब’ लावण्याची आपल्याकडील आदराची रीत चांगली आहे, परंतु शाळेच्या दाखल्यावर ती नसते आणि मतदार यादीत असते. कित्येक नोंदण्या पत्नीच्या नावाने आहेत. तेथे पॅन माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे, ही जोडी नेहमीची आहे. फर्म एकट्या मालकाची असेल तर तिला स्वतंत्र पॅन नसते, मालकांचे पॅन हेच तिचे पॅन असते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ते फर्मच्या नावाचे पॅन शोधत राहतात.

सर्वांत अवघड प्रकरण वडिलांच्या नावावरील नोंदणीचे. नव्वदच्या दशकात वडिलांनी छत्री लावून केबल सुरू केले, प्रमाणपत्र त्यांच्या नावाचे, ते आता हयात नाहीत, आणि मुलगा दर वर्षी त्याच नावाने नूतनीकरण करीत आला. टपालात हे चालून गेले. पोर्टलवर हयात नसलेल्या माणसाची आधार पडताळणी होणार कशी? अशा वेळी स्वतःच्या नावाने नवीन नोंदणी घेणे हाच सरळ मार्ग आहे आणि एमएसओबरोबरचा करारही त्याच नावाने पुन्हा करावा लागतो. हा विषय घरात भावाभावांत नाजूक असतो, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणूनच तो आमच्या कार्यालयात निघण्याआधी घरी निघालेला चांगला.

दुरुस्ती करताना क्रम चुकवू नये. आधी आधार दुरुस्त करावे, मग त्याला जुळवून पॅन, मग बँक, मग जीएसटी, आणि करार शेवटी. आधारवर नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते. म्हणून घाईने सायबर कॅफेत एक संधी वाया घालवून मग आमच्याकडे येऊ नये. विवाहानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरते. नाव पूर्णच बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्धी घ्यावी लागते, तेही काम आम्ही करतो.

कंपनी करावयाची असेल तर या सगळ्याच्याही आधी कंपनी करावी. येथे लोक हमखास उलटे करतात: आधी मालकीच्या नावाने सगळे कागद नीट करून घेतात, पैसे भरतात, आणि मग बातम्यांसाठी कंपनी लागते हे कळल्यावर कंपनी काढतात. कंपनी झाली की पॅन नवे, पॅन नवे म्हणून जीएसटी नवे, बँकेचे खाते नवे, आणि जुन्या नावाची नोंदणी नव्या कंपनीला आपोआप लागू होत नाही. शिवाय हवे ते नाव मिळेलच असे नाही. वीस वर्षे गावात चाललेले चॅनलचे नाव दुसऱ्या कोणी आधीच घेतलेले निघते आणि मागे-पुढे एखादा शब्द जोडावा लागतो. मंजूर झालेले नाव २० दिवसच राखून ठेवले जाते, तेवढ्यात बाकीचे कागद तयार हवेत. खासगी मर्यादित कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. पत्नीला दुसरी संचालक करणार असाल तर वर लिहिलेला माहेर-सासरचा प्रश्न आधी सोडवावा. तात्पर्य, पडद्यावरचा लोगो आणि व्हिजिटिंग कार्ड छापण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे.

आमच्याविषयी एक तक्रार आमच्या कानावर येते, की आम्ही पंधरा दिवस नुसते कागद बघत बसतो आणि अर्ज तर अर्ध्या तासात भरून होतो. तक्रार खरी आहे. अर्ज भरायला अर्धा तासच लागतो. त्याआधी आम्ही आपल्या प्रत्येक कागदावरील नाव, वडिलांचे नाव, पत्ता आणि सही एका तक्त्यात जशीच्या तशी उतरवून घेतो, आणि तक्त्यातील प्रत्येक रकाना जुळल्याशिवाय अर्जाला हात लावत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात हाच अर्ज दोनशे रुपयांत भरून मिळतो, आणि तेथे भरलेले अर्ज दुरुस्त करण्याचे काम पुढे आमच्याकडे येते. त्याची फी आम्ही नव्या अर्जापेक्षा जास्त घेतो, कारण त्याला खरोखर जास्त वेळ लागतो. नुसता तक्ता करून हवा असेल आणि अर्ज स्वतः भरायचा असेल, तर तेही आनंदाने करून देऊ. त्याची फी मामुली आहे आणि पुढे आमच्याकडेच काम दिल्यास ती वळती केली जाते. सरकारी शुल्क आपण आपल्याच खात्यातून भरावे. आम्ही ते रोखीने स्वीकारत नाही, आणि पोर्टलचा पासवर्डही आमच्याकडे ठेवून घेत नाही.

चॅनल नोंदले गेल्यावर पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण विसरल्या जातात. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असा मजकूर दिसला पाहिजे. चॅनलांच्या यादीत अशी सर्व चॅनल एकत्र आणि किमतीसह दाखवावी लागतात, आणि ग्राहकाला ते बंद-चालू करता आले पाहिजे. प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपावे लागते, म्हणजे हार्ड डिस्क दर रविवारी पुसून पुन्हा वापरण्याची सवय सोडावी लागते. कार्यक्रम फक्त आपल्याच एमएसओच्या जाळ्यासाठी असला पाहिजे. शेजारच्या तालुक्यातील मित्राला फीड देणे चालत नाही. मंदिर, गुरुद्वारा अशा धार्मिक स्थळांवरून होणारे थेट प्रक्षेपण वाटून घेता येते, त्यामुळे जोतिबावरील आरती आपण दोघांनी दाखवायला हरकत नाही, पण तिच्या आधी लावलेली मुलाखत मात्र वाटून घेता येणार नाही.

पहिल्या भेटीला येताना पुढील कागद मूळ प्रतींसह आणावे: टपाल किंवा पोर्टलचे शेवटचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला धनादेश, आणि एमएसओबरोबरचा चालू करार, त्याची मुदत संपलेली असली तरीही. ज्यांच्या नावाने नोंदणी व्हायची आहे त्यांनी स्वतः यावे. आधारला जोडलेला मोबाइल त्यांच्या खिशात असावा, मुलाच्या किंवा कंट्रोल रूममधल्या पोराच्या नव्हे.