पोर कोटाला घाबरतं की सुईला?

पांढरा कोट दिसला की पोर भोकाड पसरतं, म्हणून मुलांच्या डॉक्टरांनी तो घालूच नये, असं वर्षानुवर्षं ऐकतोय. प्रकरण इतकं सरळ नाही. १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका अभ्यासात मुलांना वेगवेगळ्या वेशांतल्या डॉक्टरांचे फोटो दाखवले. औपचारिक कपड्यांतला डॉक्टर त्यांना हुशार वाटला, पण फारसा प्रेमळ नाही. साध्या कपड्यांतला प्रेमळ, पण तितका हुशार नाही. गंमत म्हणजे आपल्या लेकराची पसंती आईबापांनाच धड ओळखता आली नाही! इंग्लंडमध्ये २००८च्या सुमारास कोट हटले, तेही रडारडीमुळे नव्हे, तर लांब बाह्यांवरून जंतू पसरतील या धास्तीने. दीड वर्षाचं बाळ रडतं ते टोचणीला आणि परक्या हातांना, मग ते हात टी-शर्टातले का असेनात.