सदाफुली

करवीर कुलातील (ॲपोसायनेसी) लहान, सदाहरित क्षुप (झुडूप). शास्त्रीय नाव कॅथॅरँथस रोझियस. नागपुरात कुंपणाकडेला, गच्चीवरच्या कुंड्यांत, भिंतीच्या भेगेतही ती उगवते. मे महिन्यात पारा ४५° से.वर गेला तरी फुलते. फुले पाच पाकळ्यांची, गुलाबी वा पांढरी, कळी पिळदार. पान तोडल्यास पांढरा चीक येतो.

मूलस्थानाबद्दल जुन्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. काहींनी वेस्ट इंडीज दिले आहे. मादागास्कर हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅथॅरँथस प्रजातीच्या (जीनसच्या) सुमारे आठ जातींपैकी एक भारत-श्रीलंकेतील, बाकी सर्व मूळच्या मादागास्करच्या आहेत. पॅरिसमार्गे लंडनमधील चेल्सीच्या उद्यानात पोहोचलेले बी मादागास्करचेच होते, असे तेथील उद्यानतज्ज्ञ फिलिप मिलर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास नोंदवले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५९ मध्ये तिला व्हिंका रोझिया म्हटले. पुढे प्रजाती बदलली, तरी औषधशास्त्रात तिच्यातील अल्कलॉइडांना (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त, शरीरावर परिणाम करणारी द्रव्ये) ‘व्हिंका अल्कलॉइडे’ हेच नाव रूढ राहिले. भारतात ती बहुधा युरोपीय व्यापाराच्या काळात आली असावी. चरक-सुश्रुतांची वनस्पती म्हणून ती दाखवणे सयुक्तिक नाही.

वनस्पतीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे आहेत. मुळांत अजमलिसीन व सर्पेंटाइन, तर पानांत व्हिंडोलीन, कॅथॅरँथीन आणि या दोहोंच्या जोडणीतून बनणारे व्हिंब्लास्टीन व व्हिंक्रिस्टीन आढळतात. जमैकात मधुमेहावर पानांचा काढा घेत. १९५२ मध्ये तेथून पाने कॅनडात आली. तेथील संशोधक रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांच्या प्रयोगांत उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ मध्ये कर्करोगावरील औषध म्हणून व्हिंब्लास्टीन पुढे आले. व्हिंक्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटून त्यापासून सूक्ष्मनलिका (विभाजनात गुणसूत्रे ओढणारे पेशीतील धागे) बनू देत नाहीत, त्यामुळे पेशीविभाजन मध्यावस्थेत थांबते. संरचनेत फरक एवढाच, की व्हिंब्लास्टीनमधील एका मिथिल गटाच्या जागी व्हिंक्रिस्टीनमध्ये फॉर्मिल गट असतो. पण पहिले मुख्यतः अस्थिमज्जेला बाधते, दुसरे मज्जातंतूंना. व्हिंब्लास्टीन हॉजकिन रोगावर (लसीका ग्रंथींचा कर्करोग), व्हिंक्रिस्टीन मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगावर वापरतात. एक ग्रॅम औषधास शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.

‘शुगर’साठी अनशापोटी पाने चावण्याचा प्रघात घरोघरी ऐकू येतो. वनस्पती विषारी असल्याने तो टाळावा. पाने चावून कर्करोगाचे औषध मिळते असे मानणे तर चूकच. औषध शुद्ध स्वरूपात, फक्त शिरेतून देतात. व्हिंक्रिस्टीन पाठीच्या कण्यात टोचले गेल्यास जिवावर बेतते.

लागवड बियांपासून वा छाट कलमांनी होते. नागपूरच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचले की रोप बुडाशी कुजते, म्हणून वाफा उंच करून त्यात रेती मिसळतात.