बुलडोझर उतारावर का कलंडतो? वीतभर खड्ड्याचा हिशोब

बुलडोझर बुटका, रुंद आणि जड असतो. त्याच्याकडे पाहून हे यंत्र कधी कलंडेल असं वाटत नाही, आणि सपाट, टणक जागेवर मोजलं तर ते खरंही ठरतं. समजा, २० टनांच्या यंत्राच्या दोन चेनमधलं अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत) २ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटर उंच आहे. यंत्र कुशीवर तिरकं करत नेलं, तर गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा ४५ अंशांवर खालच्या चेनच्या मध्यावर येतो. त्यापुढे कलंडणं. चेनच्या रुंदीचा थोडा फायदा मिळतो, पण मऊ मातीत बाहेरची कडाच आधी दबते, म्हणून तो हिशोबात धरू नये.

आता हेच यंत्र २५ अंशांच्या उतारावर आडवं चालवा. कागदावर २० अंश शिल्लक आहेत. पण वजन दोन्ही चेनवर सारखं राहत नाही. जमिनीवरच्या एकूण दाबापैकी सुमारे ७३ टक्के दाब एकट्या खालच्या चेनवर येतो आणि ती मातीत रुतू लागते. ती २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर, खचली की यंत्राचा कल ६ अंशांनी वाढतो. त्याच वेळी वरची चेन तेवढ्याच उंचीच्या दगडावर किंवा बुंध्यावर चढली, तर एकूण वाढ ११ अंशांची. झाले ३६. त्यात २ टनांचं ब्लेड मीटरभर उचललेलं असेल तर गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर सरकतो आणि मर्यादाच ४५ वरून ४२ अंशांवर येते. उरले ६ अंश, आणि दगडावरून धपकन उतरताना बसणारा हिसका अजून मोजलेलाच नाही. डोंगराचा उतार मात्र सुरुवातीपासून २५ अंशच आहे!

म्हणून उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चालवायचं, आडवं नाही. ब्लेड जमिनीलगत ठेवायचं आणि वळण शक्यतो वरच्या किंवा खालच्या सपाटीवर घ्यायचं. यंत्र नेण्याआधी तो पट्टा पायी फिरून पाहावा. गवताखालचे खड्डे आणि सैल दगड सीटवरून दिसत नाहीत.

एकक तपासणंही इथे फार महत्त्वाचं आहे. ३० टक्के उतार म्हणजे सुमारे १७ अंश, तर ३० अंश म्हणजे ५८ टक्के. नकाशावर टक्के आणि यंत्राच्या पुस्तिकेत अंश असतील, तर गोंधळ जिवावर बेतू शकतो.

कलंडण्याआधी बऱ्याचदा यंत्र घसरतं. चेनच्या पट्ट्यांवरच्या उभ्या धारा मातीत रुतल्या तरच पकड मिळते. टणक मातीवर पकडीचा गुणांक (पकडीचं बळ भागिले जमिनीवरचा दाब) ०.९ च्या आसपास असतो, सैल मातीवर ०.६, काँक्रीटवर ०.४५ आणि बर्फावर अवघा ०.१२. कोनात सांगायचं तर घसरण अनुक्रमे ४२, ३१, २४ आणि ७ अंशांवर सुरू होते. मातीच्या पातळ थराखाली सलग कातळ असेल तर मातीचा आकडा धरूच नये. तिथे लोखंड दगडावर घसरतं. आडवं घसरणारं यंत्र एखाद्या दगडाला अडकलं की तिथेच उलटतं. घसरण सुरू होताच तोंड उताराच्या दिशेने सरळ करावं आणि ब्लेड टेकवावं.

उतरताना चढायला लागेल तोच खालचा गिअर वापरावा आणि तो उतार सुरू होण्याआधीच टाकावा. न्यूट्रलमध्ये यंत्र कधीही सोडू नये. स्टिअरिंग क्लच असलेल्या जुन्या यंत्रांत आणखी एक धोका असतो. सपाटीवर डावा क्लच सोडवला की डाव्या चेनची ताकद तुटते आणि यंत्र डावीकडे वळतं. तीव्र उतारावर मात्र यंत्राचं वजनच त्याला खाली ढकलत असतं. मोकळी झालेली डावी चेन जास्त वेगाने धावते, उजवीला इंजिन रोखून धरतं, आणि यंत्र उजवीकडे वळतं. हे माहीत नसलेला ऑपरेटर घाबरून तोच दांडा आणखी ओढतो.

इंजिनचाही कोन असतो. तिरक्या यंत्रात तेल चेंबरच्या एका बाजूला जमतं, पंपाची नळी उघडी पडते आणि बेअरिंगना तेल मिळत नाही. पुस्तिकेतला इंजिनसाठीचा कमाल कोन पाळावा, तेल पूर्ण पातळीला ठेवावं. पण हा कोन यंत्र न कलंडण्याची हमी नाही. तो फक्त तेलापुरता आहे.

भरावाच्या कडेवर माती ढकलताना शेवटचा ढीग कडेलाच ठेवावा आणि पुढच्या ढिगाने तो खाली लोटावा, म्हणजे यंत्र आणि कडा यांच्यात कायम माती राहते. कडेला समांतर भेग दिसली तर काम थांबवून यंत्र मागे घ्यावं.

आणि तरीही यंत्र कलंडू लागलं, तर उडी मारू नये. उडी मारणारा बहुतेकदा यंत्र पडतं त्याच बाजूला पडतो. केबिनभोवतीचा संरक्षक सांगाडा यंत्राचं वजन पेलण्यासाठीच बनवलेला असतो, पण माणूस पट्ट्याने सीटला बांधलेला असेल तरच तो उपयोगी पडतो. पट्टा आवळून आतच राहावं. एकदा उलटलेल्या यंत्राचा सांगाडा सरळ करून किंवा वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये, कारण वाकलेल्या आणि तापवलेल्या पोलादाची मूळ ताकद उरत नाही. तो बदलावाच लागतो.